लॅपटॉपला ताडीची धार

२० एप्रिल, रविवार

ताडी! अख्खा द्रोण. सरळ कीबोर्डवर!

हात अजून चिकट आहेत, पेनसुद्धा बोटांना चिकटतंय. हसावं की रडावं कळेना, म्हणून लिहायला बसले.

लॅपटॉप येऊन आठवडा झाला, बातमी पाड्यावर पसरली होतीच. वापीहून आणलेला, कोणीतरी वापरून सोडलेला, पण माझ्यासाठी नवा कोरा. शाळेत विज्ञान शिकवायचं तर फळ्यावर खडूने हृदय काढून किती वर्षं दाखवणार? सकाळी बुधीआजी आली. ती बाबांची आत्या, पण सगळा पाडा तिला आजीच म्हणतो. हातात पळसाच्या पानाचा द्रोण, ताडी ताजी, वर फेस. नवी वस्तू घरात आली की आजी ताडीची धार देणारच. विळा असो, पाण्याचं इंजिन असो, उमेशची मोटारसायकल असो. आधी धरतरीला, मग वस्तूला. माझा भाऊ उमेश तर शपथेवर सांगतो की आजीची धार आहे म्हणून त्याची गाडी आजवर घसरली नाही. (घसरलीय. झरीच्या वळणावर. मी मागे बसले होते.)

आजीने लॅपटॉप चारी बाजूंनी पाहिला. मिटलेला होता. म्हणाली, "ह्याचा तोंड कठं हाय गं?"

आणि मला चेष्टा सुचली! झाकण उघडलं, कीबोर्ड दाखवला — "हे काय, एवढे दात दिसतायत ना, हेच तोंड!"

मला वाटलं बोट बुडवून चार थेंब शिंपडेल. तिला वाटलं, पोरगी एवढं तोंड उघडून देतेय, तर आपण हात आखडता कशाला घ्यायचा? डोळे मिटून, ओठांत देवांची नावं घेत, मनापासून सगळा द्रोण रिकामा केला.

पडद्यावर माझ्या धड्यातलं हृदय धडधडत होतं. थरथरलं, आडव्या रेषा आल्या, आणि काळोख.

"काय झाला?" आजी.

"काही नाही आजी. प्यायला ना — झोपला."

"बेस, बेस," म्हणत आजी खुशीत घरी गेली. मी लॅपटॉप उलटा धरून उभी. खालून ताडी ठिबकत होती आणि आमची कोंबडी ती टिपत होती.

२१ एप्रिल

तांदळात पुरलाय. मोबाइलवर जो तो तांदूळच सांगतो. आई म्हणाली, "आता त्या तांदळाचा भात तूच खा." आई अशा वेळी फार प्रेमळ असते.

२२ एप्रिल

मुंग्या!!

तांदळातून रांग लागलीय. कडेच्या फटीतून एक रांग आत, एक बाहेर. गोड लागलं असणार. बराच वेळ बघत बसले. हाकलायला हवं होतं, पण बघतच राहिले. मी विज्ञानाची बाई, आणि या वस्तूच्या आत काय आहे ते माझ्याआधी मुंग्यांनी पाहिलं! मी मुलांना एक सेल, एक बल्ब, दोन वायरी दाखवते आणि म्हणते, कॉम्प्युटर म्हणजे हेच, फक्त पुष्कळ. पुष्कळ म्हणजे काय, कुठे ठाऊक आहे मला?

२४ एप्रिल, गुरुवार

पाड्यावर कोणाला कळता कामा नये. आई आणि उमेश दोघांना दम भरलाय.

कारण लॅपटॉप नाही. लॅपटॉप गेला तर मी खडूने हृदय काढेन. कारण उमेशचं लग्न आहे. पंधरवड्यावर आलंय. आणि बुधीआजी आमची धवलेरी. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. ती गात असते, सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, देव त्या गाण्याला येऊन चौकात बसतात, आणि मग लग्न लागतं. ती गायली नाही तर मांडव, जेवण, बँजो सगळं असून लग्न नाही.

आणि आजीचा स्वभाव! मागे रतनकाकाच्या नव्या इंजिनाला तिने धार दिली आणि ते आठवड्यात फुटलं. इंजिनात तेलच नव्हतं, रतनकाकाने स्वतः सांगितलं. पण आजीच्या मनाने घेतलं की आपला हात बिघडला. त्या वर्षी ती एकाही लग्नात गायली नाही. लोकांना गुजरातच्या बाजूच्या धवलेरीच्या पाया पडावं लागलं. त्या बाईने आमची निम्मी नावं चुकीची घेतली. रुसवा असता तर काढला असता. हा रुसवा नाही. ती स्वतःलाच घाबरते.

तेव्हा लॅपटॉप लग्नाआधी चालू झाला पाहिजे. बस.

डहाणूचा दुरुस्तीवाला नविनभाई सासुरवाडीला गेलाय, वलसाडला. शाळेचा प्रोजेक्टर मेला होता तो त्यानेच उठवला होता. दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही. "बेन, हात लावू नका, चालू करून बघू नका, चार्जर तर बिलकूल नको," फोनवर म्हणाला. मी चालू करून दोनदा बघितलंय, हे त्याला सांगितलं नाही.

२७ एप्रिल

उमेश!! गाढव!!!

२८ एप्रिल, सोमवार

काल राग एवढा होता की लिहिता आलं नाही.

तो आजीला लग्नाचं बोलावणं करायला गेला होता. आजीने सहज माझं नाव घेऊन विचारलं, संगीताचा मशीन उठला का? आणि हा म्हणतो, "नाय आजी, तुझी ताडी पिऊन मेला तो!" हसत! त्याला वाटलं विनोद झाला.

आज मी गेले. आजी उंबऱ्यात बसलेली, हात मांडीवर उलटे ठेवून. कोणाला दाखवायचे नसल्यासारखे.

"दुसरी बघा," म्हणाली. "माझा हात आथां बेस नाय. शितल नवी नवरी, वाणगावशी येल, तिच्या डोक्यावर माझा हात कशाला?"

मी सगळं सांगितलं. चेष्टा माझी, झाकण मी उघडलं, तोंड मी दाखवलं.

"तू दावला. पण वतला कोणी?"

उठताना तिनेच विचारलं, "तो फोडून बघणार हाय ना डहाणूला? माना बी घेऊन जा. मी काय केला, मी बघन."

३० एप्रिल, बुधवार

आज जे पाहिलं ते कसं लिहू?

सकाळच्या एसटीने मी आणि आजी. आजी खिडकीपाशी, लॅपटॉप तिच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेला. मी मागितला तर दिला नाही. दवाखान्यात नेतात तसं नेत होती. घोलवडला चिकूच्या पाट्या चढल्या, बायका चढल्या, कोणीतरी विचारलं, काय आहे? आजी म्हणाली, "आजारी हाय."

नविनभाईने टॉवेल सोडला, वास घेतला, आणि मागे सरला.

"बेन! याला काय पाजलं?"

"ताडी," आजीने सांगितलं. "मी पाजली."

त्याने माझ्याकडे पाहिलं, आजीकडे पाहिलं. आजीला खुर्ची दिली. पंखा तिच्याकडे वळवला. मला तो माणूस आज फार आवडला.

बारीक बारीक स्क्रू काढून एका बशीत मांडले. शेवटचा स्क्रू निघाला तसं खालचं झाकण आपोआप वर उचललं गेलं. नविनभाई सुरतच्या कुठल्याशा जेवणाचं सांगत होता, तो मध्येच थांबला. बॅटरी पुरीसारखी फुगली होती. त्याने प्लॅस्टिकच्या पट्टीने ती हळूच सोडवली, दोन्ही तळव्यांवर घेतली आणि मागच्या दाराने बाहेर गेला. परत येऊन हात धुतले. "ही फुगलीय ती जुनी, ताडीच्या आधीपासून. झाकण आतून घासलंय बघा. वाळूच्या बादलीत ठेवली. नवी घालू," एवढंच म्हणाला. मी आणखी विचारायला हवं होतं. पण तोवर त्याने मदरबोर्ड बाहेर काढून मायक्रोस्कोपखाली धरला होता, आणि मी डोळा लावला, आणि मला कसलीच शुद्ध राहिली नाही.

हिरवं! आणि त्या हिरव्यात तांब्याच्या वाटा. केसाहून बारीक, हजारो, एकीशेजारी एक, एकत्र वळतायत, एकत्र सरळ होतायत. एकही वाट चुकून दुसरीला शिवत नाही. मध्येच सगळ्या एका काळ्या चौकोनाशी येऊन थांबतात. मी म्हटलं होतं "फक्त पुष्कळ"! देवा रे. मी मुलांना काय शिकवत होते? मला लाज नाही वाटली, खरं सांगते, मला नुसता आनंद झाला. एवढं सगळं माझ्या धड्यातल्या एका हृदयासाठी चालू होतं. माणसांनी केलंय हे. माणसांनीच!

मग त्याने बोर्ड सरकवला, आणि ताडी दिसली. तपकिरी, तडकलेली, गुळाच्या काकवीसारखी. कडेने पांढरी बुरशी, वाटा खाल्लेल्या. मध्ये एक मुंगी, एक पाय उचललेला, तशीच चिकटून मेलेली.

"माना दाव," आजी.

तिने पदर खोचला, वाकली, श्वास धरला. फार वेळ बघत होती. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं, नविनभाईने त्याला हातानेच बस म्हणून सांगितलं.

"कोणी लिहला ह्यो चौक?" तिने डोळा न काढता विचारलं.

"मशीन लिहिते, आजी. चीनमध्ये."

"आन गाणारी कोण?"

"गाणारी?"

"चौक लिहतात तवा कोणी गातां का नाय? गायल्याबिगर नुसता पीठ."

मग आजीने बोर्ड त्याच्यासारखाच सरकवून पाहिला, आणि तपकिरी डागापाशी थांबली. सरळ उभी राहिली, खोचलेला पदर सोडला.

"लिहलेला चौक मी पुसला," म्हणाली.

येताना मी चिखल्याचा समुद्र दाखवला, तिने बघितला नाही. मला इतकं अद्भुत काही दिसलं त्याच दिवशी तिला एवढं दुःख व्हावं! माझ्यामुळे.

२ मे

बोर्ड नविनभाईकडे. आजी घरात. शितलच्या घरून वाणगावहून फोन — धवलेरी ठरली ना? आई "हो हो" म्हणाली आणि माझ्याकडे बघून फोन ठेवला.

४ मे, रविवार

आज डहाणूला एकटी गेले. धुतात कसं ते बघायचंच होतं.

बोर्ड एका थाळीत, वर पाण्यासारखं काहीतरी, आणि नविनभाई दात घासायच्या मऊ ब्रशने घासतोय. नाकात वास गेला. स्पिरिटचा! "दारूचीच बहीण," तो म्हणाला. "पाणी चालत नाही, ही उडून जाते, मागे काही ठेवत नाही." म्हणजे ताडी धुवायला दारू! मी दुकानात एकटीच खो खो हसले. तपकिरी थर सुटत गेला, वाटा उघड्या पडत गेल्या, खालून पुन्हा तो हिरवा रंग. त्याने मुंगी चिमट्याने उचलून बाजूला ठेवली. मला डोळे पुसावे लागले. वासामुळेही असेल.

संध्याकाळी आजीला सांगितलं. तिने प्रथम ऐकलंच नाही. मग हळूच, "दारूनंच धुतला?"

"दारूनेच."

"मंग परत पिलाच की तो!" हसली. तोंडावर पदर धरून, दात नसलेलं, खरंखुरं हसली. मग पुन्हा हात उलटे केले. "पयला तो उठू दे. मंग बोल माझ्याशी."

६ मे

उठत नाही. धुतला, वाळवला, बॅटरी नवी, कीबोर्ड नवा. बटण दाबलं की काही नाही. नविनभाई म्हणाला, बोर्डावर कुठेतरी एक दाण्याएवढा भाग जळलाय, शोधतो. शुक्रवारी लग्न आहे, नविनभाई! "ठाऊक आहे, बेन. पत्रिका तुम्हीच दिलीय."

७ मे, बुधवार

उठला!!!

सापडला दाणा. नाचणीच्या दाण्याहून लहान. त्याने दुसऱ्या कुठल्या मेलेल्या बोर्डावरून तसाच एक काढला, डाग देऊन बसवला. मी श्वास धरून. माझ्या श्वासाने उडून गेला असता तो! बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा आधी करडा, मग निळा. मी माझा धडा उघडला. हृदय! पुन्हा धडधडायला लागलं. मी नविनभाईच्या पाया पडले असते, तो हिशेबाची वही घेऊन आत पळाला.

थेट आजीकडे. तिच्या मांडीवर ठेवला. तिने पडद्याकडे पाहिलं नाही, खाली हात लावून पाहिलं.

"ऊन हाय," म्हणाली.

"हो आजी."

हात तसाच ठेवला. मग म्हणाली, "गाईन. पोराचा लगीन हाय." मी तिच्या गळ्यात पडले. तिने मला बाजूला केलं. "पण धार आथां कोणाला देणार नाय. कधीच नाय. नव्या मांडवाला नाय, कशालाच नाय. ता हाताचा काम, तो हात गेला."

मी पुष्कळ बोलले. चालू झाला ना, मग झालं! चूक दुरुस्त झाली! ती म्हणाली, "दुरुस केला तो त्या दुकानवाल्यानं. मी तर मारला." सगळ्या पाड्यात जन्माला आलेलं बाळ, नांगर, जाळं, गाडी, काहीच त्या हाताशिवाय सुरू झालेलं नाही. आणि माझ्या एका चेष्टेने तो हात मिटला. लॅपटॉप उठला आणि मला आनंद धड करता येत नाही.

९ मे, शुक्रवार

लग्न. मांडवात आजी बसलीय. गातेय. चौक लिहून होतोय. धार मात्र कोणीच दिली नाही. द्रोण नुसता शेजारी ठेवलाय. सगळ्यांना दिसतंय.

नविनभाई आलाय, नव्या शर्टात. त्याने मला मांडवाबाहेर बोलावलं. अशी बॅटरी पेटू शकते हे आजीसमोर बोलायचं नव्हतं म्हणून त्या दिवशी गप्प बसला, म्हणाला. ती फुगलेली बॅटरी काल दुपारी आपणहून पेटली. कोणी हात लावला नव्हता. वाळूच्या बादलीत असून मागची भिंत काळी झाली. "बेन, तुम्ही लॅपटॉप चार्जिंगला कुठे लावायचात?"

उशाशी. रोज. शेजारी आई झोपते. कुडाची भिंत, वर गवत.

तशीच मांडवात गेले, गाणं थांबायची वाट बघितली, आजीच्या कानाशी बसून सगळं सांगितलं. ताडी पडली म्हणून तो उघडला, आजी. नाहीतर उघडलाच नसता.

ती ऐकत होती. माझ्या तोंडाकडे बघत होती, वर्गातल्या ढ मुलाकडे मी बघते तशी. मग तिने द्रोण उचलला.

"मंग? धार देतात ती कशाला, बाय?"